पत्रेवाले, बटनवाले आणि अकोल्याची दालमिल

अख्ख्या वऱ्हाडात आम्ही तिघंच होतो. चौथा कोणी असेल तर त्यानं अजून कबूल केलेलं नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही, कारण आमची आवड चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. जगात इंडस्ट्रियल म्यूझिक नावाचा एक प्रकार आहे. तबला-पेटीच्या जागी त्यात कारखाना असतो: लोखंडी पत्रे, ड्रिल, मोटारी, बिघडलेले रेडिओ, आणि मधूनमधून दाढ दुखत असल्यासारखा माणसाचा आवाज. हे ऐकून ज्याचं डोकं दुखतं तो शहाणा माणूस. आमचं तिघांचं डोकं ते ऐकायला न मिळाल्यानं दुखायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझा नवरा आतल्या खोलीतून उठून मिक्सर बंद करायला स्वयंपाकघरात आला होता. मिक्सर बंदच होता, मी गाणी ऐकत पोळ्या लाटत होते. तेव्हापासून तो बिचारा घरात काहीही मोठ्यानं वाजलं तरी आधी मला विचारतो की हे बिघडलंय की चालू आहे.

मी अमरावतीची, वकिलाच्या घरातली. आमच्याकडे वरण आळणी झालं तरी त्यावर दोन्ही बाजूंचा युक्तिवाद होतो. त्यामुळे वाद घालायचं वळण मला घरातूनच मिळालं, आणि वाद हरलं की मला रात्रीचं जेवण जात नाही हेही आईकडूनच आलं. पुढे इंजिनीअरिंग झाल्यावर मी फिजिक्सकडे वळले आणि कॉलेजात शिकवायला लागले. तिथं पोरं वाद घालत नाहीत, नुसती मान हलवतात. हाताला काम नसल्यासारखं वाटायचं.

आमच्यातला दुसरा अकोल्याचा. मूळचं त्यांचं घर हिवरखेडचं, काळ्या रानाचे शेतकरी. त्याच्या वडिलांनी तरुणपणी अकोल्यात दालमिल टाकली आणि कुटुंब तिकडे आलं. आमची ओळख अमरावतीला इंजिनीअरिंगच्या वर्कशॉपमध्ये झाली. सगळा वर्ग लोखंडाचे तुकडे घासत होता, कान किटले होते, आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून, मान डोलवत उभा होता. मी विचारलं, काय ऐकतो आहेस. तो म्हणाला, तुमालेच ऐकून राहिलो. मला वाटलं थट्टा करतोय. मग त्यानं एका बँडचं नाव सांगितलं, आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, कारण अमरावतीत ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची मी आशा सोडली होती. तो आनंद फार टिकला नाही. तो म्हणाला तो बँड जगात पहिल्या नंबरचा. मी म्हणाले दुसऱ्या नंबरचा. त्या दिवशी सुरू झालेलं भांडण पदवी, नोकऱ्या, दोघांची लग्नं आणि त्याच्या दोन पोरांच्या बारशांतून अखंड चालू राहिलं.

त्याचा बँड युरोपातला. ही मंडळी स्टेजवर खरोखरचं भंगार आणायची आणि हातोड्यानं, पाइपानं बडवायची. आम्ही त्यांना पत्रेवाले म्हणायचो. माझा बँड अमेरिकेतला. यांच्या स्टेजवर दोन टेबलं, चार यंत्रं आणि चेहरे पडलेली तीन माणसं, पण त्या यंत्रांतून जो कारखाना उभा राहायचा तो खऱ्या कारखान्याला लाजवील असा. ते बटनवाले. नावं अर्थातच एकमेकांच्या बँडला आम्ही चिडवायला ठेवली होती. पुढे ती इतकी अंगवळणी पडली की खरी नावं घेतली तर आपण परक्यांशी बोलतोय असं वाटायचं.

त्याचं म्हणणं साधं होतं. पत्रेवाल्यांच्या हाताला घट्टे आहेत. बटनवाल्यांनी जन्मात पाना धरला नसेल, आणि हे लोखंडाचं गाणं म्हणणार. माझं म्हणणं, पाना धरून गाणं येत असतं तर बडनेरा रोडवरच्या प्रत्येक गॅरेजमधून एकेक गवई निघाला असता. तो म्हणायचा, पत्रेवाले एक गाणं दोनदा सारखं वाजवत नाहीत. मी म्हणायचे, कारण त्यांना पहिलं आठवतच नाही. पत्रेवाल्यांनी एका रेकॉर्डवर व्हायोलिन घेतलं तेव्हा मी त्याला सांत्वनाचा फोन केला होता. त्यानं तो उचलला नाही. बटनवाल्यांनी एका सिनेमाला संगीत दिलं तेव्हा त्यानं माझ्या घरी पेढे पाठवले. माझ्या सासूबाईंनी ते देवापुढे ठेवले आणि कशाचे म्हणून विचारलं. सांगणं अशक्य होतं.

तिसरा मोर्शीचा, संत्र्याच्या बागेचा मालक. त्याला दोन्ही बँड आवडायचे. आमच्या दृष्टीनं हा मनुष्य कुचकामी होता. भांडण रंगात आलं की तो संत्रं सोलायला घ्यायचा आणि दोघांच्या हातावर फोडी ठेवून म्हणायचा, दोघंही बरोबर आहेत. दोघंही बरोबर असतात तेव्हा वाद कशाला घालायचा असतो हे त्याला कधी कळलं नाही. पण त्याच्यावाचून चालायचंही नाही, कारण आम्ही दोघं बोलेनासे झालो की निरोप त्याच्या फोनवरून जायचे.

आमची बैठक महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी सकाळी अकोल्याच्या घरी, माडीवरच्या खोलीत भरायची. मी बडनेऱ्याहून गाडी पकडायचे, मोर्शीवाला आपल्या जीपनं यायचा. अकोलेकराची बायको खाली कचोऱ्या ठेवून, पोरांना घेऊन, माहेरी निघून जायची. तिचं माहेर त्याच गल्लीत होतं म्हणून हा संसार टिकला असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या तुरीच्या हंगामाआधी या सगळ्यात एक गंभीर गोष्ट आली. अकोलेकराच्या वडिलांनी, त्यांना आम्ही काका म्हणतो, मिलमधून अंग काढायचं ठरवलं. गुडघे बोलायला लागले होते, आणि हिवरखेडला त्यांचं खरं प्रेम वाट पाहत होतं. ते प्रेम म्हणजे खंजेरी भजन. आमच्याकडे गावोगावी भजन मंडळं असतात आणि त्यांच्या स्पर्धा लागतात. हातातली खंजेरी अशी कडकडते की मांडवाचे बांबू हलावेत. काका त्या स्पर्धांचे नावाजलेले परीक्षक होते. ताल, चाल, शब्द, शिस्त, गणवेश, प्रत्येकाचे वेगळे मार्क. त्यांच्या निकालावर हरलेलं मंडळसुद्धा कुरकुर करत नसे.

मिल कोणाकडे द्यायची हा प्रश्न होता. मुलगा होता, पण त्याच्याबद्दल काकांना खात्री नव्हती. दिवसभर कानात काहीतरी घालून फिरणारा मुलगा मिल काय सांभाळणार, असं ते उघड म्हणायचे. दुसरीकडे मोठ्या मुलीचा नवरा होता. जावई अकोल्यातच राहायचे, सकाळी सातला इस्त्रीच्या शर्टात मिलवर हजर, बोलायला गोड, व्यापाऱ्यांत वजन. काकांनी जाहीर केलं की हा एक हंगाम दोघांनी मिळून मिल चालवायची, आपण हिवरखेडला जाऊन राहणार, मिलच्या फाटकात पाय ठेवणार नाही, आणि हंगामाच्या शेवटी काय तो निकाल.

माझा मित्र त्या निकालाला किती घाबरला होता हे मी पाहिलं आहे. त्याला मिल हवी होती. नोकरी त्यानं करून पाहिली होती, पुण्याला, काचेच्या इमारतीत. सहा महिन्यांत परत आला आणि मला म्हणाला की तिथं आवाजच नाही, एसीचासुद्धा. लहानपणी तो मिलमध्ये पोत्यांवर झोपायचा. आपल्याला पत्रेवाले का आवडतात याचं उत्तर त्या पोत्यांवर आहे असं तो एकदाच म्हणाला होता, आणि मी चक्क त्यावर वाद घातला नव्हता. बापानं मिल जावयाला दिली असती तर त्याचं पोट भरलंच असतं, शेती होती. पण तो मोडला असता.

हंगाम सुरू झाला. दालमिलमध्ये तूर चाळणीतून निघून रोलवर जाते. रोल म्हणजे खरखरीत अंगाचं मोठं फिरतं पिंप, त्यावर घासून तुरीचं साल सुटतं. मग तेलपाणी लावून ती अंगणात वाळवतात, पुन्हा रोलवर घेतात, आणि शेवटी डाळ होते. हे सगळं चालू असताना मिलमध्ये बोलायचं तर शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. माझ्या मित्रानं कानातली यंत्रं घरी ठेवली आणि मनापासून काम केलं. आमच्या बैठका बंद झाल्या. मोर्शीवाला मला फोन करून म्हणाला की करमत नाही, तू माझ्याशी भांड. मी प्रयत्न केला. तो लगेच मान्य करायचा.

मग एका सकाळी आमच्या तिघांच्या ग्रुपवर एक रेकॉर्डिंग आलं. रोलची नेहमीची घरघर, आणि तिच्यात एक नवीन ठोका. घर्र, घर्र, टंग. घर्र, टटंग. खाली मित्रानं लिहिलं होतं, ‘हे कालपासून चालू झालं. ऐका.’

मी स्टाफरूममध्ये ऐकलं आणि अंगावर काटा आला. ते सुंदर होतं. मी तासाला न जाता ते पुन्हा ऐकलं. टटंगच्या आधी एक क्षणभर सगळं थांबल्यासारखं व्हायचं, आणि बटनवाल्यांची सगळी करामत त्या थांबण्यातच असते. मी तसं लिहिलं. पाचव्या मिनिटाला अकोल्याहून उत्तर, की खऱ्या लोखंडातून निघालेला आवाज बटनवाल्यांचा कसा, हा शंभर टक्के पत्रेवाल्यांचा बाज आहे. झालं. आठवडाभर आम्ही त्या ठोक्यावर भांडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अशी गोष्ट सापडली होती की जी दोघांनाही आपलीच वाटत होती. मोर्शीवाल्यानं तो ठोका फोनची घंटी म्हणून लावला आणि त्याच्या बागेतल्या मजुरांनी पंप बिघडला म्हणून दोनदा मोटार बंद केली.

रविवारी सकाळी मी आणि मोर्शीवाला मुद्दाम मिलवर जाऊन तो ठोका प्रत्यक्ष ऐकून आलो. तिघं जण रोलसमोर हात जोडून उभे राहिलो, देवदर्शनाला उभं राहावं तसे. शेजारून जावई कानाला फोन लावून गेले. त्यांनी आमच्याकडे पाहून हात केला आणि व्यापाऱ्याशी ओरडून बोलत पुढं निघून गेले. मजुरांना वाटलं, मालकाचा मुलगाच समोर उभा राहून ऐकतोय म्हणजे त्याला माहीत असणार, आणि मिलचा मिस्त्री भाचीच्या लग्नाला परतवाड्याला गेला होता. तो असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. कॉलेजात ध्वनी आणि कंपनं हा धडा दरवर्षी मीच शिकवते, हेही इथंच सांगून टाकलेलं बरं. लोक नंतर तेच बोलणार.

त्याच रविवारी काका गुडघ्याच्या डॉक्टरसाठी अकोल्याला आले. मिलच्या फाटकात पाय ठेवायचा नाही हा शब्द त्यांनी पाळला होता, पण घर त्यांचंच होतं. आम्ही माडीवर घसा ताणून भांडत होतो. काका एकेक पायरी चढत वर आले, दारात टेकले, आणि काय मारामारी आहे म्हणून विचारलं. मित्रानं सांगायचा प्रयत्न केला. दोन बँड, श्रेष्ठ कोण, पंधरा वर्षं निकाल नाही.

काकांना धक्का बसला तो बँडचा नव्हता, निकालाचा होता. पंधरा वर्षं स्पर्धा चालू ठेवायची आणि परीक्षक नेमायचा नाही, याला ते बेशिस्त म्हणाले. त्यांनी खालून चष्मा मागवला, हिवरखेडहून आणलेल्या पिशवीतून परीक्षकाचा बिल्ला काढून सदऱ्याला लावला, आणि गादीवर मांडी घालता येत नव्हती म्हणून खुर्चीत ताठ बसले. प्रत्येकी एक गाणं. मध्ये कोणी बोलायचं नाही, वाहवा द्यायची नाही.

पत्रेवाले वाजले. काका डोळे मिटून ऐकत होते. मांडीवर बोटं हलली, मध्येच थांबली. संपल्यावर म्हणाले की ताकद आहे, पण यांच्यात पुढारी कोण ते समजत नाही. एक वाजवतो आणि बाकीचे त्याच्याशी भांडतात. शिस्तीचे मार्क गेले. मी मनातून खूश झाले. मग बटनवाले वाजले. काका म्हणाले, सफाई पक्की आहे, कुठं चूक नाही. आणि मग एवढंच म्हणाले की चुकायची भीतीही नाही. माझा खुशीचा फुगा तिथंच फुटला. गणवेशाचं विचारलं तेव्हा मी काळे कपडे असतात असं सांगितलं, तर म्हणाले अशुभ, पण एकसारखे आहेत ना, मग अर्धे मार्क देऊ.

इथं मित्राच्या अंगात आलं. माझ्याकडे पाहून त्यानं डोळा मारला आणि म्हणाला, बाबा, एक तिसरं मंडळ आहे, नवीन आहे, त्याचंही ऐका. आणि त्यानं रोल लावला.

घर्र, घर्र, टंग. घर्र, टटंग.

मोर्शीवाल्यानं हसू येऊ नये म्हणून अख्खं संत्रं तोंडात घातलं. काका मात्र पुढं झुकले. बोटांनी मांडीवर ठेका धरला तो सोडला नाही. रेकॉर्डिंग संपलं तरी ते डोळे मिटून होते. मग त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझंही हसू गेलं.

“हा पह्यला नंबर,” ते म्हणाले. “हा वाजवणारा हातचं राखून वाजवत नाही. भल्ला जीव लावून वाजवून राहिला. पण त्याले कुठंतरी दुखून राहिलं. दुखणं लपवून वाजवते, म्हणून तो ठोका असा आतून येते.”

मंडळ कुठलं म्हणून त्यांनी विचारलं. मित्र म्हणाला, अकोल्याचंच आहे. काका म्हणाले, रामनवमीला हिवरखेडला आण, मी जेवणाची सोय करतो. मित्राला खरं सांगायचं होतं, पण बापानं आपल्या आवडीचं काही इतकं मन लावून ऐकण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिली वेळ होती, आणि त्याला ती मोडवेना. मी पाहत होते. तो लहान मुलासारखा लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या तासाच्या मध्येच त्याचा फोन आला. मी बाहेर येऊन उचलला. तो एवढंच म्हणाला, “रोल बसला वं.”

रोलच्या शाफ्टचं बेअरिंग गेलं होतं. ते आठवडाभर जात होतं. आम्ही ज्याला टंग आणि टटंग म्हणत होतो ते म्हणजे आतले छर्रे एकेक करून फुटत होते. शेवटी शाफ्ट अडकला, पट्टा जळाला, धूर झाला, आणि ऐन हंगामात मिल बंद पडली. तेलपाणी लावलेली तूर अंगणभर पसरलेली, व्यापाऱ्यांचे फोन, बायामाणसं बसून. त्या भागातल्या कोणत्याही माणसाला यंत्र असं वाजताना ऐकू आलं की कळतं की काहीतरी बिघडलं. ते ऐकून खूश होणारी माणसं अख्ख्या वऱ्हाडात तीनच होती, आणि त्यातल्या एकाच्या हातात मिल होती.

मी संध्याकाळच्या आत अकोल्याला पोचले. काका हिवरखेडहून आले होते आणि शब्द मोडून मिलच्या फाटकातून आत शिरले होते. रोलशेजारी पोत्यांवर बसले होते. मित्र समोर उभा, मान खाली. मिलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, वाळवणावरच्या चिमण्या ऐकू येत होत्या.

जावई बोलत होते. त्यांचा सूर वाईट नव्हता, उलट दुःखीच होता, आणि त्यांचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. आठवडाभर यंत्र कण्हत होतं म्हणे, आणि हे तिघं समोर उभं राहून त्याचं कौतुक करत होते. फोनवर रेकॉर्डिंग आहे. त्यावर चर्चा आहे. हे म्हणे कोणत्या बँडसारखं वाजतं.

मला राहवलं नाही. मी वकिलाची मुलगी. मी म्हणाले की हा आवाज बेअरिंगचा आहे हे आम्हाला माहीत असतं तर आम्ही... आणि मग, काका, काल तुम्ही स्वतः त्याच आवाजाला... तिथं मित्रानं माझ्याकडे असं पाहिलं की मी थांबले. पण शब्द सुटला होता. काकांनी मान वर केली. मंडळ कुठलं होतं ते त्यांना तेव्हा समजलं.

मग काकांनी मित्रापुढे हात केला आणि ते पुन्हा लाव म्हणाले. बंद पडलेल्या रोलशेजारी बसून त्यांनी त्याच रोलचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. मोर्शीवाला दारात येऊन उभा राहिला होता, त्यानं पहिल्यांदाच खिशातून संत्रं काढलं नाही.

“मॅडम,” काका मला म्हणाले, “तुमच्या त्या बटनवाल्याईचं बेअरिंग कधी जाते काय?”

मी म्हणाले, “नाही काका. त्यांचं काहीच जात नाही.”

“म्हणून तं तिसरा नंबर आला,” ते म्हणाले. तशा प्रसंगातही माझा तिळपापड झाला हे मला लपवायचं नाही.

मग ते जावयांकडे वळले. आवाज एकदम मऊ, जावयाशी बोलताना असतो तसा. “जवाईबापू, हे झालं त्या आठ दिवसांत तुमी रोज इथंच होते ना?”

“रोज, मामाजी. सकाळी सातपासून.”

“मंग तुमाले काय ऐकू आलं?”

जावई सरळ माणूस. त्यांना हा प्रश्न आपल्या बाजूचा वाटला. ते म्हणाले, “मला तर काहीच वेगळं वाटलं नाही, मामाजी. मशीन रोजच्यासारखीच चालू होती.”

काकांनी मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले, रोलच्या थंड पडलेल्या अंगावरून हात फिरवला, आणि आमच्यापैकी कोणाकडेच न पाहता बोलले.

“या पोराले ऐकू आलं. याले समजलं नाही. मलेबी समजलं नाही, मी तं पह्यला नंबर देला. मी बी चाळीस वर्षांचा मिलवाला, मी बी फसलो.” मग रोलवर हात ठेवूनच, “पण ऐकू आलेल्याले समजवता येते. ज्याले ऐकूच नाही आलं, त्याले काय समजवू?”

जावई काही म्हणणार होते, पण त्यांचा फोन वाजला आणि सवयीनं त्यांनी तो कानाला लावला. काकांना त्यांचा राग आला नव्हता. खरेदी-विक्री जवाईबापूंनी पाहावी, बाजाराचं त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही, हे त्यांनी नंतर घरी सर्वांसमोर सांगितलं आणि जावयांनी ते समाधानानं घेतलं. मिलच्या किल्ल्यांबद्दल मात्र तिथं कोणी काही विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती.

पण हे नंतरचं. मिलमध्ये माझा मित्र अजून मान खाली घालून उभा होता. निकाल आपल्या बाजूनं लागलाय हे त्याला अजून समजलंच नव्हतं. मीच त्याच्या कोपराला धक्का दिला. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, “बाबा, माही चूक झाली.”

“चूक तं झालीच,” काका म्हणाले. “तूर भिजून पडली, ते काय बरोबर झालं काय?” मग ते दाराकडे निघाले. गुडघ्यामुळे त्यांना पायरीशी थांबावं लागलं, आणि मित्र धावत जाऊन त्यांच्या काखेत हात घालून उभा राहिला. तिथं, त्याच्या खांद्यावर भार टाकून, काका त्याला हळू आवाजात म्हणाले, पण मिल बंद होती म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं:

“पुढं असं काही नवीन वाजलं, तं रोज सकाळी फोन लावून मले आयकवत जाय. आपण दोघं आयकू. मंग पाहू मार्क द्याचे का मिस्त्री बलवाचा.”

मित्रानं बापाचा हात आणखी घट्ट धरला. मोर्शीवाला भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होता, आणि मला, खोटं कशाला सांगू, रडू कोसळलं.